दोन सर्व्हर आणि आपोआप फेलओव्हर: आधी जुन्याला थांबवा, मग नव्याला उभं करा

कोकणातल्या पतसंस्था, दवाखाने, आंब्याची पॅकहाउस यांच्याकडे आता बऱ्याचदा दोन सर्व्हर असतात. दुसऱ्यावर डेटाही जात असतो. तरीही पहिला बसला की काउंटरवर ‘सिस्टिम बंद आहे’ ही पाटी लागतेच. कधी त्याहून वाईट घडतं. दोन्ही सर्व्हर स्वतःला मुख्य समजतात आणि एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या दोन वेगळ्या खातेदारांच्या हातात पडतात.

सामान चांगलं असतं, चुकतो तो क्रम. सामायिक आयपी (सगळे संगणक ज्यावर जोडतात तो नेटवर्कचा पत्ता) इकडून तिकडे उडी मारते हे साहेबांना दाखवता येतं, म्हणून लोक ते आधी करतात. बिघडलेला सर्व्हर खात्रीने बंद कसा करायचा, हे ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतं आणि कायमचं राहून जातं. इथला क्रम उलटा आहे. त्यातली कोणतीही पायरी पुढे-मागे करू नका.

उदाहरण म्हणून एक पतसंस्था घेऊ. मुख्य कार्यालय दापोलीत, शाखा हर्णै, केळशी आणि आडे इथे. दोन लिनक्स सर्व्हर, त्यांवर पोस्टग्रेस डेटाबेस, आणि बदलीचं, म्हणजे पहिला बसला की दुसऱ्याला मुख्य करण्याचं (फेलओव्हरचं), काम पेसमेकर व कोरोसिंक या क्लस्टरच्या सॉफ्टवेअरकडे. क्लस्टर म्हणजे एकत्र बांधलेल्या मशीनचा गट. तुमचा डेटाबेस वेगळा असला तरी क्रम हाच राहील.

## १. आधी कागदावर ठरवा

चार गोष्टी लिहून काढा आणि व्यवस्थापकांची सही घ्या.

किती वेळ बंद चालेल? या मांडणीत बिघाड ओळखणं, जुना बंद होणं, नवा उभा राहणं आणि शाखा पुन्हा जोडल्या जाणं, या सगळ्याला मिळून साधारण अर्धा ते एक मिनिट धरा. ‘एक सेकंदही नको’ असं कोणी म्हणालं तर ते काम या खर्चात होणार नाही, हे तेव्हाच सांगा.

किती नोंदी गमावलेल्या चालतील? रेप्लिकेशन (पहिल्याच्या नोंदी सतत दुसऱ्यावर उतरवणं) असिंक्रोनस, म्हणजे दुसऱ्याच्या होकारासाठी न थांबणारं, असेल तर बदलीच्या क्षणी शेवटच्या एक-दोन नोंदी दुसऱ्याकडे पोचलेल्या नसू शकतात. सिंक्रोनस ठेवलं तर नोंद हरवत नाही. पण दुसरा सर्व्हर बंद पडला की पहिला त्याच्या उत्तराची वाट पाहत अडकून बसतो, म्हणजे राखीव सर्व्हरच मुख्याला पाडतो. दोन्ही सर्व्हर एका इमारतीत, थेट वायरने जोडलेले आणि पावती कागदावर निघत असेल, तर मी असिंक्रोनस ठेवतो. बदलीनंतर शेवटच्या दहा-पंधरा पावत्या स्थळप्रतीशी ताडून बघायच्या, हा नियमच करून टाकायचा. तरीही सिंक्रोनस हवं असेल, तर कोणाच्या होकारासाठी थांबायचं ते सेटिंग दुसऱ्या सर्व्हरवर रिकामं ठेवा. नाहीतर बदली झाल्यावर नवा मुख्य बंद पडलेल्या जुन्याच्या होकाराची वाट पाहत थांबेल.

कोणत्या बिघाडाला ही मांडणी उत्तर नाही? कोणी चुकून टेबल उडवलं तर तेही तितक्याच वेगाने दुसऱ्यावर उडतं. रात्रीचा बॅकअप वेगळा आणि इमारतीबाहेरच हवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावर एक मशीन असो की दोन, काहीच फरक पडला नसता. इमारतच गेली तर काय, याची योजना वेगळी करा आणि तो निर्णय माणसावर सोडा. दापोली ते पुणे अशी बदली दोन मशीनच्या भरवशावर आपोआप करायला जाऊ नका.

शेवटचं, आपलं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर चालतं का? लायसन्स मशीनला बांधलेलं असेल किंवा यूएसबीची डाँगल लागत असेल, तर विक्रेत्याकडून दुसरी आधी घ्या.

## २. वीज आणि वायरिंग

इथे घाई करू नका. आपल्याकडचे बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाइट नव्हती. तशा वेळी फेलओव्हरचा काही उपयोग नाही. रोजचा त्रास असतो तो एखादा फेज जाण्याचा, लाइट पाच मिनिटांत तीनदा येण्या-जाण्याचा आणि व्होल्टेज चढण्याचा. मांडणी त्यासाठी करायची.

प्रत्येक सर्व्हरला स्वतःचा यूपीएस द्या. तीन फेजची जोडणी असेल तर दोन यूपीएस दोन वेगळ्या फेजवर आणि वेगळ्या एमसीबीवर घ्या. एकच मोठा यूपीएस घेऊन दोन्ही त्यावर लावले तर बॅटरी बसेल त्या दिवशी दोन्ही एकत्र जातील.

नेटवर्क स्विचही यूपीएसवर हवा. हे सांगावं लागतं, कारण सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच भिंतीच्या साध्या बोर्डावर असं चित्र बऱ्याच कार्यालयांत दिसतं. लाइट झपकन गेली की स्विच रीस्टार्ट होतो. दोन्ही धडधाकट सर्व्हर एकमेकांना दिसेनासे होतात आणि दोघांनाही वाटतं की दुसरा गेला.

सर्व्हरांमध्ये दोन स्वतंत्र वाटा ठेवा. एक स्विचमधून, दुसरी एका मशीनमधून दुसऱ्यात थेट जाणारी लॅन वायर. ही थेट वायर कपाटामागून, कोणाचा पाय अडकणार नाही अशी न्या.

तिसरं एक लहान मशीन लागेल. त्याला इथे पंच म्हणू. सर्व्हर एकमेकांना दिसेनासे झाले की पंचाचं मत ज्याला मिळेल त्याचं बहुमत, आणि त्यानेच काम चालू ठेवायचं. साधा जुना डेस्कटॉपही चालतो, पण तो दुसऱ्या खोलीत आणि स्वतःच्या छोट्या यूपीएसवर असावा. पंच हर्णै शाखेत ठेवा असं कोणी सुचवेल आणि तांत्रिकदृष्ट्या ते चालतं. मी तसं करत नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटून इंटरनेट जाणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. नेमका त्याच वेळी एक सर्व्हर गेला, तर उरलेल्या एकट्याला बहुमत मिळणार नाही.

खाऱ्या हवेचंही बघा. लॅन वायरची टोकं आणि रॅमच्या पट्ट्यांचे संपर्क हिरवट-काळे पडतात, मग लिंक क्षणभर जाते आणि परत येते. मशीन खिडकीजवळ नको, एसीच्या ठिबकणाऱ्या तोंडाखाली तर नकोच. दोन इमारती जोडायच्या असतील तर तांब्याची वायर टाळून फायबर घ्या. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा तांब्यावरून आत येतात.

तपासा: कार्यालय सुटल्यावर एकेक एमसीबी पाडून बघा. कोणताही एक पाडला तरी एक सर्व्हर, स्विच आणि पंच चालू राहिले पाहिजेत. तसं होत नसेल तर पुढे जाऊ नका, आधी वायरमनला बोलवा.

## ३. रेप्लिकेशन उभं करा आणि बदली एकदा हाताने करा

क्लस्टरचं सॉफ्टवेअर अजून टाकू नका. दोन्ही मशीनवर पोस्टग्रेसची एकच आवृत्ती, एकाच मापाच्या डिस्क आणि घड्याळं क्रोनीने (वेळ जुळवणाऱ्या सेवेने) जुळवलेली असू द्या. मशीनची नावं दोन्हीकडच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहा. डीएनएसवर विसंबू नका.

पहिल्यावरून बेस बॅकअप (सगळ्या डेटाबेसची नक्कल) घेऊन दुसरा स्टँडबाय, म्हणजे राखीव, म्हणून सुरू करा. पहिल्यावर एक खोटी पावती घाला आणि ती दुसऱ्यावर दिसते का बघा. मग पहिला नीट बंद करा, दुसरा हाताने प्रमोट करा (मुख्य करा), त्यावर नोंद घाला, आणि पहिल्याला स्टँडबाय म्हणून परत जोडा. परत जोडायला पीजी-रिवाइंड लागू शकतं; ते जुन्याचा डेटा नव्या मुख्याशी जुळवून देतं. ते चालण्यासाठी डेटा चेकसम किंवा वॉल लॉग हिंट्स या सेटिंगांपैकी एक आधीपासून चालू असावं लागतं. बिघाडाच्या दिवशी ते चालू करून भागत नाही.

सावधान: रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्याकडे न पोचलेले बदल राखून ठेवणारी सोय) वापरत असाल तर दुसरा बंद असताना पहिल्यावर वॉल फाइली, म्हणजे बदलांच्या नोंदी, साठत जातात. सुटा भाग मुंबई-कोल्हापूरहून यायला आठवडा गेला, तर डिस्क भरून पहिलाही थांबेल. पोस्टग्रेस १३ पासून स्लॉटसाठी किती वॉल राखायचं याची मर्यादा घालता येते. ती घाला.

हाताने केलेली बदली ज्याला जमत नाही, त्याने ती यंत्राकडे सोपवू नये. इथे अडखळलात तर पायरी पाठ होईपर्यंत पुन्हा करा.

## ४. रिकामं क्लस्टर आणि पंच

आता कोरोसिंक आणि पेसमेकर टाका. क्लस्टरमध्ये अजून डेटाबेस नको आणि आयपीही नको. दोन्ही वाटा, स्विचमधली आणि थेट, कोरोसिंकला द्या. फायरवॉलमध्ये पीसीएससाठी (क्लस्टरला आज्ञा देण्याचं साधन) टीसीपी २२२४, कोरोसिंकच्या दोन वाटांसाठी यूडीपी ५४०५ व ५४०६ आणि पंचासाठी टीसीपी ५४०३ उघडा.

पंचावर क्यूनेटडी (मत देणारी सेवा) आणि दोन्ही सर्व्हरवर क्यूडिव्हाइस (ते मत घेणारी सेवा) टाका. पद्धत एफएफस्प्लिट निवडा, ती दोन, चार अशा सम संख्येच्या मशीनच्या क्लस्टरसाठीच आहे. आता मतं तीन झाली आणि बहुमताला दोन लागतील. दोन्ही सर्व्हर चालू असताना पंच बंद पडला तरी काम थांबत नाही. एक सर्व्हर गेला तर उरलेला आणि पंच मिळून दोन होतात.

तपासा: थेट वायर काढा, क्लस्टर शाबूत राहिलं पाहिजे. ती परत लावा आणि स्विचमधली काढा, तरीही शाबूत. क्लस्टरच्या स्थितीत पंचाचं मत मोजलं जातंय हेही डोळ्यांनी बघा. ‘सेवा चालू आहे’ एवढ्याने मत मोजलं जात असेलच असं नाही.

## ५. फेन्सिंग: सगळ्यात चुकणारी पायरी

पहिल्याकडून उत्तर येत नाही, याचा अर्थ तो मेला असा नाही. कदाचित त्याची फक्त वायर निघाली असेल आणि आत तो मजेत पावत्या फाडत असेल. तेवढ्यात दुसरा पुढे झाला की एका होडीवर दोन तांडेल झाले. म्हणून दुसऱ्याने ताबा घेण्याआधी पहिला बंद झाल्याची खात्री हवी. तीच फेन्सिंग, पेसमेकरच्या भाषेत स्टोनिथ.

फेन्सिंगचं उपकरण दिलेलं नसेल तर पेसमेकर काहीच सुरू करत नाही, लाल अक्षरांत तक्रार करत राहतो. मग माणूस नेटवर शोधतो, कुठेतरी ‘स्टोनिथ बंद करा’ असं वाचतो आणि करतो. तक्रार जाते, सगळं हिरवं दिसतं. सावधान: ते सेटिंग बंद केलेलं क्लस्टर वापरात आणू नका. त्यापेक्षा फोन आल्यावर हाताने बदली करणारा माणूस परवडला.

सर्व्हरमध्ये आयपीएमआय (दुरून मशीन चालू-बंद करायची सोय) असेल तर लोक तेच लावून मोकळे होतात. त्यात एक खोच आहे. आयपीएमआयची चिप त्याच मशीनच्या विजेवर चालते. मशीनची वीजच गेली तर चिपही गेली. मग दुसरा सर्व्हर ‘बंद हो’ सांगत राहतो, उत्तर येत नाही, बंद झाल्याची खात्री पटत नाही आणि तो ताबा घेत नाही. म्हणजे आपल्याकडे सर्वांत जास्त होणाऱ्या बिघाडात ही मांडणी हात वर करते. आयपीएमआयच वापरायचं असेल तर सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय हवेत, दोन वेगळ्या यूपीएसवरून.

साध्या मशीनसाठी मी हार्डवेअर वॉचडॉग आणि एसबीडी सुचवतो. वॉचडॉग हा मदरबोर्डवरचा टायमर असतो. एसबीडी त्याला ठरावीक वेळाने थोपवत राहतं. बहुमत गेलं की एसबीडी थोपवणं सोडून देतं आणि टायमर संपला की मशीन आपोआप रीसेट होतं. दुसऱ्या सर्व्हरला कोणालाही निरोप पाठवावा लागत नाही. तो ठरलेला वेळ थांबतो आणि मग ताबा घेतो. पहिला विजेअभावी आधीच बंद असेल तरी हिशेब चुकत नाही. वॉचडॉगची मुदत ५ सेकंद असेल, तर पेसमेकरमधली वाट पाहण्याची मुदत १० सेकंदांहून थोडी जास्त ठेवा. ही पद्धत पंचाशिवाय दोन मशीनवर वापरायची नाही, म्हणूनच पंच आधी बसवला.

सॉफ्टडॉग नावाचा सॉफ्टवेअर वॉचडॉगही मिळतो. तो सरावापुरता ठीक. कर्नलच (लिनक्सचा गाभा) गोठला तर तोही त्याच्याबरोबर गोठतो.

तपासा: एसबीडीच्या चाचणी आज्ञेने दोन्ही मशीन एकेकदा खरोखर रीसेट होतात का बघा. मग पहिल्याच्या दोन्ही लॅन वायर एकदम उपटा. तो काही सेकंदांत स्वतः रीसेट झाला पाहिजे. नाही झाला तर पुढची पायरी नाही.

## ६. आता डेटाबेस आणि आयपी

आधी हे करा: पोस्टग्रेसची सेवा सिस्टिमडीमध्ये (मशीन उठताना सेवा सुरू करणारा लिनक्सचा भाग) डिसेबल करा, दोन्हीकडे. ती चालू ठेवली तर रीसेट झालेला जुना सर्व्हर उठतो आणि क्लस्टरला न विचारता डेटाबेस मुख्य म्हणून सुरू करतो. पाचव्या पायरीची सगळी मेहनत वाया जाते. सामायिक आयपीसुद्धा नेटवर्कच्या फाइलमध्ये कायमची लिहू नका. ती फक्त क्लस्टरनेच लावायची.

मग डेटाबेस प्रमोट होऊ शकणारा रिसोर्स (क्लस्टरने सांभाळायची सेवा) म्हणून द्या आणि त्यानंतर आयपी, समजा १९२.१६८.१०.५०. दोन बंधनं घाला. आयपी जिथे मुख्य डेटाबेस असेल तिथेच राहील, आणि डेटाबेस प्रमोट झाल्यावरच लागेल. दुसरं बंधन विसरलं तर शाखा अर्धवट उठलेल्या डेटाबेसवर जाऊन आदळतात आणि एररचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरू लागतात.

रिसोर्सला चिकटपणा द्या, म्हणजे पहिला परत आला म्हणून काम त्याच्याकडे आपोआप जाणार नाही. लाइट ये-जा करत असताना आपोआप परत जाणारी मांडणी शाखांना दर पाच मिनिटांनी तोडते. त्याच कारणासाठी क्लस्टरची सेवा बूटवर सुरू होऊ देऊ नका. रीसेट झालेलं मशीन उठेल, पण माणसाने बघेपर्यंत कामात शिरणार नाही.

तपासणीच्या मुदती फार आवळू नका. संध्याकाळी पिग्मी एजंट मशीन रिकामी करायला येतात आणि त्याच वेळी डे-एंड चालू असतं. तेव्हा डेटाबेस हळू उत्तर देतो. ‘हळू’ म्हणजे ‘मेला’ असं क्लस्टरला वाटता कामा नये.

## ७. शाखा, प्रिंटर आणि रात्रीची कामं

प्रत्येक शाखेतल्या प्रत्येक संगणकावर पहिल्या सर्व्हरची आयपी कुठेतरी लिहिलेली सापडेलच: सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये, रिपोर्टच्या शॉर्टकटमध्ये, पासबुक प्रिंटरच्या सेटिंगमध्ये. सगळीकडे सामायिक आयपी घाला. कोणाचं राहिलंय हे शोधायला सोपा उपाय आहे. सुट्टीच्या आधी पहिल्या सर्व्हरवरची जोडण्यांची यादी बघा. जो थेट जुन्या आयपीवर आलाय तो त्यात दिसेल.

रात्रीची क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं दोन्ही मशीनवर असतात आणि दोन्हीकडे चालली तर खातेदाराला दोन एसएमएस जातात. व्याजाची नोंद दोनदा पडली तर ते निस्तरायला लेखापरीक्षक येईपर्यंत पुरतं. प्रत्येक कामाच्या सुरुवातीला एक प्रश्न घाला: इथला डेटाबेस रिकव्हरीत (म्हणजे राखीव) आहे का? असेल तर गुपचूप बाहेर पडायचं.

## ८. चाचणीचा दिवस

दुसरा किंवा चौथा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस धरा. हर्णै शाखेत एक माणूस बसवा, त्याने सतत खोट्या पावत्या फाडायच्या. बिघाड हळूहळू कठीण करत न्या.

पहिल्यावर पोस्टग्रेसची प्रक्रिया मारा. मग ती मारण्याऐवजी गोठवा. अर्धमेली प्रक्रिया ही मेलेलीपेक्षा वाईट, आणि पुष्कळ तपासण्या तिला जिवंतच समजतात. मग दोन्ही लॅन वायर काढा. इंटरफेस आज्ञेने डाउन करून ही चाचणी उरकू नका. वायर निघणं वेगळं आणि आज्ञेने बंद करणं वेगळं, कोरोसिंकही दोन्हींत वेगळं वागू शकतं. मग कर्नल पाडा. शेवटी पहिल्याची वीज सरळ तोडा.

प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: शाखेला किती सेकंद थांबावं लागलं, शेवटची कोणती पावती दुसऱ्यावर पोचली, आणि जुना खरंच बंद झाला का. या तिसऱ्याचं उत्तर ‘बहुतेक’ असेल तर चाचणी नापास.

एक चाचणी सगळे टाळतात. दोन्ही यूपीएसच्या बॅटऱ्या संपून सगळंच बंद होणं. नेटवर्क यूपीएस टूल्सने (यूपीएसवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने) आधी दुसरा आणि मग पहिला शिस्तीत बंद होतो का बघा. लाइट आल्यावर जो शेवटपर्यंत मुख्य होता त्यालाच मुख्य म्हणून उभं करायचं, आधी उठलेल्याला नव्हे. मग दुसरा जोडायचा. हा क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, लॅमिनेट करून. जुलैच्या दमट हवेत साधा कागद टिकत नाही.

## ९. बदली झाली, आता पुढे

फोन वाजला, बदली आपोआप झाली, शाखा चालू आहेत. आता जुना सर्व्हर लगेच चालू करून जोडायचा मोह आवरा. आधी तो का गेला ते लॉगमध्ये बघा. यूपीएसची बॅटरी, डिस्क की गंजलेली वायर, हे कळल्याशिवाय त्याला आत घेऊ नका. जुन्यावर अशा काही नोंदी असू शकतात ज्या दुसऱ्याकडे पोचल्या नाहीत. रिवाइंड केलं की त्या पुसल्या जातात. म्हणून आधी त्याच्या डेटा फोल्डरची नक्कल काढून ठेवा, पावत्यांच्या स्थळप्रती ताडून बघा, आणि मगच रिवाइंड करून स्टँडबाय म्हणून जोडा. रिवाइंड अडलं तर नव्याने बेस बॅकअप घ्या. वेळ जास्त लागतो, पण शंका उरत नाही.

जुना परत जोडला जाईपर्यंत तुम्ही एकाच सर्व्हरवर आहात. सगळं सुरळीत दिसतं म्हणून ही गोष्ट विसरली जाते आणि राखीव मशीन गणपतीपासून दिवाळीपर्यंत बंद पडून राहतं. रेप्लिकेशन तुटल्याचा एसएमएस रोज सकाळी व्यवस्थापकांनाच जाईल असं लावा. तांत्रिक माणसाला तर जाऊ देच.

दरवर्षी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पावसाच्या आधी, दुसऱ्या पायरीतली एमसीबीची तपासणी आणि आठव्यातली वीज तोडण्याची चाचणी पुन्हा करा. यूपीएसच्या बॅटऱ्या लोडवर किती मिनिटं टिकतात ते घड्याळ लावून मोजा. गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आल्या असतील तर बदला.